तोंडातल्या जखमेत जबड्याचं हाड दिसतंय: ओळख, तपासण्या आणि उपचार

तोंड आलं की आपण चार दिवस वाट पाहतो, बी-कॉम्प्लेक्सची गोळी घेतो, मिठाच्या पाण्याने चुळा भरतो. बहुतेक वेळा तेवढ्यावर भागतंही. पण जखमेच्या तळाशी पिवळट-पांढरं, टणक आणि जिभेला खरखरीत लागणारं काही दिसलं, तर हा नेहमीचा हिशेब लागू होत नाही. ते जबड्याचं हाड असू शकतं, आणि हाड उघडं पडलं असेल तर त्याचं कारण शोधावंच लागतं.

कारणं एकमेकांपासून फार लांबची आहेत. दाढेच्या आतल्या अंगाला सुटलेली हाडाची कपची बहुतेकदा काही आठवड्यांत आपोआप पडून जखम भरते. टाळूवर तशीच दिसणारी जखम काळ्या बुरशीची असेल तर त्याच दिवशी भरती व्हावं लागतं. हाडं ठिसूळ होऊ नयेत म्हणून घेतलेल्या औषधाने जबड्याचं हाड मेलं असेल, तर चिमट्याने ओढाओढ केल्यावर दुखणं वाढतं. डोळ्यांना तिन्ही ठिकाणी एकच गोष्ट दिसते. म्हणून आमचा आग्रह असा, की चिमटा उचलण्याआधी कागद-पेन उचला आणि माहिती पूर्ण लिहून घ्या. हा लेख रुग्णाच्या घरच्यांसाठी आहे, तसाच गावात एकट्याने दवाखाना चालवणाऱ्या दंतवैद्यांसाठी आणि फॅमिली डॉक्टरांसाठीही आहे. औषधांची प्रमाणं दिली आहेत ती डॉक्टरांशी बोलताना समजावं म्हणून. त्यावरून दुकानातून गोळ्या आणून घेऊ नका.

आधी नीट पाहा

सर्वांत जास्त चुकणारी जागा म्हणजे खालच्या शेवटच्या दोन दाढांची जिभेकडची बाजू. तिथे हिरडीच्या थोडं खाली हाडाचा एक आडवा कंगोरा असतो. बोट फिरवलं की हाताला लागतो. त्यावरचं अस्तर इतकं पातळ असतं की खाली हाडाची कड आणि वर ओलसर पापुद्रा, मध्ये मांस जवळजवळ नाहीच. भाकरीचा कडक पापुद्रा, माशाचा काटा, वेडावाकडा ब्रश, कवळीची कड, किंवा तिथेच उठलेला साधा फोड, एवढं कारण पुरतं. अस्तर फाटतं, त्याच्याकडून मिळणारा रक्तपुरवठा तुटतो आणि हाडाचा वरचा पातळ थर मरतो.

ही जागा पाहायची तर रुग्णाला जीभ बाहेर काढायला सांगा, तिचं टोक कोरड्या गॉजच्या चौकोनात धरा आणि विरुद्ध बाजूला हलकेच ओढा. जिभेची कड तोंडात पाहायच्या आरशाने सारा. आरसा आधी कोमट पाण्यात बुडवला तर वाफ धरत नाही. घरी पाहायचं असेल तर मोबाइलचा टॉर्च आणि चमच्याचा दांडा चालतो, मात्र चमच्याने जखमेला स्पर्श करू नका.

आता दिसतंय ते हाडच का? सलाइनमध्ये भिजवलेल्या गॉजने जखम हलकेच टिपा. जखमेवरचा पांढरा थर मऊ असतो, गॉजला थोडा येतो, कडेने सुटतो. हाड पुसलं जात नाही. बोथट प्रोब, म्हणजे दंतवैद्याची बारीक सळई, टेकवला तर हाताला टकटक कळते, आणि मेलेल्या हाडावर प्रोब घासला तरी रक्त येत नाही. दात काढताना राहिलेलं मूळ, दाताला धरलेलं कीटण किंवा जुन्या सिमेंटचा खडा हे तिघं हाडासारखे दिसतात. शंका असेल तर त्या जागेचा छोटा एक्स-रे निकाल लावतो. कधी हाड दिसतच नाही, हिरडीला फक्त टाचणीच्या डोक्याएवढं छिद्र असतं आणि त्यातून प्रोब आत सरकवला की हाडाला लागतो. तेही उघडं हाडच समजायचं.

हाडाची लांबी-रुंदी मिलिमीटरमध्ये मोजा, फोटो काढा, तारीख टाका. पुढच्या भेटीत जखम वाढली की कमी झाली हे आठवणीवर ठरवायला गेलात तर फसाल.

मग विचारा, आणि नेमकं विचारा

‘कोणती औषधं चालू आहेत?’ असं विचारलं की आजी पिशवीतून बी.पी. आणि शुगरची पाकिटं काढून ठेवतात. वर्षापूर्वी लावलेली सलाइन त्यांच्या लेखी औषध नसतंच. बंद झालेली गोळी तर कोणीच सांगत नाही. म्हणून प्रश्न असे हवेत:

‘आजी, आठवड्यातून एकदा सकाळी उपाशीपोटी पेलाभर पाण्याबरोबर घ्यायची आणि नंतर अर्धा तास आडवं व्हायचं नाही, अशी गोळी कधी घेतली होती का?’ ही अ‍ॅलेंड्रोनेट ७० मिलिग्रॅम. रायझेड्रोनेट ३५ मिलिग्रॅमही आठवड्यातून एकदाच घेतात.

‘महिन्यातून एकदा घ्यायची गोळी?’ ही आयबँड्रोनेट १५० मिलिग्रॅम.

‘हाडांसाठी वर्षातून एकदा सलाइन लावली होती का?’ हे झोलेड्रॉनिक अ‍ॅसिड ५ मिलिग्रॅम. कर्करोग हाडांत पसरला असेल तर हेच औषध ४ मिलिग्रॅमच्या मात्रेत दर तीन-चार आठवड्यांनी किंवा दर १२ आठवड्यांनी देतात.

‘दर सहा महिन्यांनी दंडात किंवा पोटावर कातडीखाली इंजेक्शन?’ हे डेनोसुमॅब ६० मिलिग्रॅम. कर्करोगात १२० मिलिग्रॅम, तेही दर महिन्याला.

रुग्ण या सगळ्यांना ‘कॅल्शियमचं इंजेक्शन’ म्हणतात. त्या शब्दावर थांबू नका. जुनी फाईल, औषधाच्या दुकानाची बिलं, हॉस्पिटलचं डिस्चार्ज कार्ड मागवा. बिसफॉस्फोनेट गटातली औषधं, म्हणजे वरच्या तिन्ही गोळ्या आणि झोलेड्रॉनिक अ‍ॅसिड, हाडात शिरली की वर्षानुवर्षं तिथेच राहतात. त्यामुळे ‘दोन वर्षांपूर्वीच बंद केलं’ हे उत्तर दिलासा देणारं नाही.

दुसरा प्रश्न शेक देण्याचा. रेडिएशनला आपल्याकडे रुग्ण ‘शेक’ किंवा ‘लाइट’ म्हणतात. तोंड, जीभ, घसा किंवा मानेला कधी लाइट दिली होती का, किती साली, आणि किती ग्रे (रेडिएशनची मात्रा मोजायचं एकक)? हा आकडा रुग्णाच्या लक्षात नसतो, पण रेडिएशनच्या समरीत तो असतो. जबड्याला ६० ग्रेच्या वर मात्रा गेली असेल तर धोका ठळक असतो आणि तो पुढे आयुष्यभर राहतो.

मग मधुमेह, आणि गेल्या काही आठवड्यांत घेतलेली स्टेरॉइडं. दम्याची, सांधेदुखीची, की कोविडसारख्या आजारात दिलेली? दात कधी काढला? दातात ‘नस मारायचं औषध’ भरलं होतं का? पॅराफॉर्माल्डिहाइड किंवा आर्सेनिक असलेली ही पेस्ट तात्पुरत्या भरणीखालून झिरपून दोन दातांमधल्या हिरडीत गेली, की हिरडी आणि तिच्या खालचं हाड दोन्ही जळतं. चेहऱ्याच्या एकाच बाजूला नागीण येऊन गेली होती का? चेहऱ्याच्या नसेतली नागीण क्वचित जबड्याचं हाड मारते आणि एकाच बाजूचे दात हलू लागतात. तंबाखू-चुना, गुटखा, मिशेरी, विडी यांबद्दल विचारताना आवाजात दटावणी नको, नाहीतर खरं उत्तर मिळत नाही. बायकांना मिशेरीबद्दल स्वतंत्रपणे विचारा. ‘तंबाखू खात नाही’ म्हणणारी बाई सकाळ-संध्याकाळ मिशेरी लावत असते, आणि तिच्या लेखी ती दात घासायची पूड असते.

शेवटी कॅलेंडर. हाड किती दिवसांपासून दिसतंय? आठ आठवडे आणि तीन महिने हे दोन आकडे पुढे निदानात लागतील.

बोटांनी तपासणी

हातमोजे घालून जखमेची कड चाचपा. कड मऊ आणि दुखरी असेल तर थोडं हायसं वाटतं. कड वर उचललेली, चामड्यासारखी घट्ट आणि बोटाखाली गाठीसारखी लागत असेल, तर कर्करोग नाही हे सिद्ध होईपर्यंत तो आहे असंच धरून चालायचं. महाराष्ट्रात तंबाखूचं प्रमाण पाहता इथे ‘बघू पुढच्या महिन्यात’ म्हणणं परवडत नाही.

हाडाचा तुकडा हलतो का ते पाहा. हलत असेल तर शरीराने त्याला वेगळं काढायला सुरुवात केली आहे. आजूबाजूचे दात हलतात का? एकच दात हलणं वेगळं. वरच्या जबड्याचे चार-पाच दात एकदम, एका पट्ट्यात हलू लागणं हे फार वाईट लक्षण आहे. पू येतो का, हिरडीवर पुवाचे बारीक ठिपके आहेत का, हनुवटीच्या किंवा जबड्याखालच्या कातडीला वाहणारं छिद्र आहे का, मानेत गाठी आहेत का? खालचा ओठ आणि हनुवटी सुन्न आहे का, हे कापसाच्या धाग्याने दोन्ही बाजू तुलना करून पाहा. ओठ सुन्न होणं म्हणजे खालच्या जबड्याच्या नसेपर्यंत काहीतरी पोचलं आहे: संसर्ग, मेलेलं हाड किंवा गाठ. तोंड किती उघडतं तेही वरच्या आणि खालच्या पुढच्या दातांमध्ये मोजून ठेवा. साधारण ३५ मिलिमीटरपेक्षा कमी उघडत असेल तर कारण शोधा.

तपासण्या: कोणत्या, कशासाठी

ओपीजी, म्हणजे दोन्ही जबड्यांचा एकत्र एक्स-रे, सगळ्यांचा काढावा. पण तो ‘नॉर्मल’ आला म्हणून निर्धास्त होऊ नका. हाडातला बराच क्षार, ढोबळपणे एक तृतीयांश ते निम्मा, गेल्यावरच साध्या एक्स-रेवर फरक उमटतो. लहान कपचीसाठी छोटा एक्स-रे पुरतो. मेलेला भाग किती खोल आहे, नसेच्या नळीपर्यंत किंवा गालाच्या पोकळीपर्यंत गेला आहे का, हे सीबीसीटीवर, म्हणजे जबड्याच्या त्रिमितीय स्कॅनवर, कळतं. बुरशीची किंवा कर्करोगाची शंका असेल तर थेट कॉन्ट्रास्ट सीटी किंवा एमआरआय.

रक्तात सीबीसी (रक्तपेशींची मोजणी), उपाशीपोटीची साखर आणि एचबीए१सी (सुमारे तीन महिन्यांची सरासरी साखर), मूत्रपिंडासाठी क्रिएटिनिन. संमती घेऊन एचआयव्ही. सीटीएक्स नावाची, हाडाची झीज मोजणारी रक्ताची एक महागडी तपासणी कधीकधी सांगितली जाते. औषधामुळे हाड मरेल की नाही याचा भरवशाचा अंदाज तिच्यावरून येत नाही, त्यामुळे त्यावर पैसे खर्च करू नयेत असं आमचं मत आहे.

बायोप्सी कधी? कड घट्ट असेल, जखम दोन-तीन आठवड्यांत भरायच्या दिशेने सरकत नसेल, किंवा रुग्णाला पूर्वी कर्करोग झालेला असेल तर हाडाच्या कडेचं मांस घ्या. हाडांच्या औषधाचा स्पष्ट इतिहास असेल आणि कड मऊ असेल, तर निव्वळ खात्रीसाठी हाडाला चीर देऊ नका. ती चीरच नवी न भरणारी जखम होते. मात्र जो तुकडा आपोआप सुटून हातात आला तो फेकायचा नाही, तपासणीला पाठवायचाच.

इथे एक बारीक चूक वारंवार होते. सगळा नमुना एकाच फॉर्मॅलिनच्या बाटलीत टाकतात. १०% फॉर्मॅलिनमध्ये बुरशी आणि जंतू मरतात, मग कल्चरला काहीच उगवत नाही आणि रिपोर्ट ‘वाढ नाही’ असा येतो. दोन बाटल्या ठेवा: एक फॉर्मॅलिनची, पॅथॉलॉजीसाठी, दुसरी निर्जंतुक, थोडं नॉर्मल सलाइन घातलेली, मायक्रोबायोलॉजीसाठी. दुसरीवर ‘बुरशीसाठी केओएच आणि कल्चर’ असं ठळक लिहा (केओएच म्हणजे सूक्ष्मदर्शकाखाली बुरशीचे धागे पाहायची तपासणी) आणि ती लगेच पोचवा. तुकडा चिरडू नका, कापून द्या. चिरडल्यावर म्युकरचे, म्हणजे काळ्या बुरशीचे, धागे तुटतात आणि उगवत नाहीत.

हाडाची साधी कपची असेल तर

रुग्ण एरवी धडधाकट, हाडांचं औषध नाही, शेक नाही, जागा दाढेच्या आतल्या अंगाला किंवा टाळूच्या मधोमध काहींना असणाऱ्या हाडाच्या उंचवट्यावर, तुकडा काही मिलिमीटरचा. यावर मोठी औषधं लागत नाहीत. क्लोरहेक्झिडिन ०.२% माउथवॉश १० मिलिलिटर, एक मिनिट तोंडात धरून, दिवसातून दोनदा. टूथपेस्टने दात घासल्यावर लगेच घेऊ नका, मध्ये अर्धा तास जाऊ द्या, कारण पेस्टमधला फेस करणारा पदार्थ त्याचा परिणाम कमी करतो. दोन-तीन आठवड्यांपेक्षा जास्त चालवलं तर दातांवर तपकिरी डाग पडतात आणि तोंडाची चव जाते. डाग स्वच्छ करता येतात, घाबरायचं कारण नाही. गिळताना दुखत असेल तर जेवणाआधी सुन्न करणाऱ्या लिग्नोकेन २% जेलीचा मुगाच्या दाण्याएवढा थेंब जखमेवर लावा. गाल-जीभ सुन्न असेपर्यंत गरम खाऊ नका.

तुकडा हलत असेल तर दंतवैद्य सुन्न करायचं जेल लावून चिमट्याने तो उचलून घेतात. काम काही सेकंदांचं असतं, आणि ज्या वेदनेने रुग्णाला गिळणं मुश्कील झालं होतं ती त्याच दिवशी ओसरते. तुकडा हलत नसेल तर ओढू नका. टोचणारी टोकं बारीक फाईलने गुळगुळीत करा, शेजारच्या दाढेची धारदार कड घासा, आणि आठवडाभराने परत पाहा. तुकडा निघाल्यावर जखम एक ते तीन आठवड्यांत भरते. भरली नाही तर निदान चुकलं आहे असं समजून पहिल्या प्रश्नापासून परत सुरुवात करा.

दात काढल्यावर दोन ते चार दिवसांनी अचानक ठणका सुरू झाला, कानापर्यंत कळ गेली, खड्डा रिकामा दिसला आणि त्यात हाड दिसलं, तर तो ‘ड्राय सॉकेट’. खड्डा कोमट सलाइनने धुऊन त्यात शामक पट्टी ठेवतात, दुखणं आठ-दहा दिवसांत जातं. हे अनेकदा होतं आणि बरंही होतं. पण हाडांची औषधं घेतलेल्या रुग्णात ‘ड्राय सॉकेटच असेल’ म्हणून आठवड्यामागून आठवडे खड्डा धुत बसणं ही नेहमीची चूक आहे.

औषधामुळे मेलेलं हाड

केसपेपरवर डॉक्टर याला ‘एमआरओएनजे’ असं लिहितात, म्हणजे औषधामुळे जबड्याचं हाड मरणं. निदानाला तीन गोष्टी लागतात: वर सांगितलेल्यांपैकी एखादं औषध चालू आहे किंवा पूर्वी होतं, हाड, किंवा छिद्रातून प्रोबला लागणारं हाड, आठ आठवड्यांहून जास्त काळ उघडं आहे, आणि जबड्याला शेक दिलेला नाही, जबड्यात कर्करोग पसरलेला नाही. कर्करोगात रक्तवाहिन्यांची वाढ रोखणारी काही औषधंही या यादीत येतात, उदाहरणार्थ बेव्हॅसिझुमॅब.

हा आजार वैद्यकात नवा आहे, २००३ साली पहिल्यांदा ठळकपणे मांडला गेला. पण त्याचा एक जुना भाऊ आहे. एकोणिसाव्या शतकात युरोपातल्या काडेपेटीच्या कारखान्यांत पांढऱ्या फॉस्फरसच्या वाफेत काम करणाऱ्यांचे जबडे असेच सडत. हाडांच्या या औषधांपैकी बिसफॉस्फोनेट गटही फॉस्फरसचीच संयुगं आहेत. जबडाच का, याचं कारण असं: जबड्याचं हाड चावण्याच्या ताणामुळे सतत झिजतं आणि नव्याने बांधलं जातं. ही औषधं झिजवणाऱ्या पेशींनाच थांबवतात. दात काढल्यावर किंवा हिरडीत संसर्ग झाल्यावर खराब हाड झिजवून काढायला कोणी उरत नाही, आणि वरून तोंडातले जंतू पातळ हिरडीतून सरळ हाडापर्यंत पोचतात. साधारण चारांत तीन रुग्णांमध्ये खालचा जबडा धरला जातो.

भीती किती बाळगायची? ठिसूळ हाडांसाठी बिसफॉस्फोनेट घेणाऱ्यांत हा त्रास साधारण दहा हजारांत दोन ते पाच जणांना होतो. कर्करोगासाठी मोठ्या मात्रा घेणाऱ्यांत प्रमाण बरंच जास्त, तरी शंभरात पाचपेक्षा कमी. म्हणजे खुब्याचं हाड मोडू नये म्हणून आजींना दिलेली गोळी केवळ या भीतीने बंद करणं हा तोट्याचा सौदा आहे.

उपचार टप्प्यानुसार. हाड उघडं आहे पण दुखत नाही, पू नाही: हा पहिला टप्पा. क्लोरहेक्झिडिनच्या चुळा, मऊ ब्रशने हाडावरून हलकेच सफाई, टोचणाऱ्या कडा गुळगुळीत करणं, आणि दर सहा ते आठ आठवड्यांनी मोजमाप. उघड्या हाडावर रोज मऊ ब्रश फिरवायचा हे रुग्णाला विचित्र वाटतं, पण जंतूंचा थर त्यावरच साचतो. तेव्हा पहिल्यांदा समोर बसवून करून दाखवा.

दुखणं, लाली, पू आला की दुसरा टप्पा. यात अँटिबायोटिक लागतं. पेनिसिलिन चालत असेल तर सहसा अ‍ॅमॉक्सिसिलिन ५०० मिलिग्रॅम दिवसातून तीनदा, गरजेनुसार जोडीला मेट्रोनिडाझोल ४०० मिलिग्रॅम तीनदा. पेनिसिलिनची अ‍ॅलर्जी असेल तर डॉक्सिसायक्लिन किंवा क्लिंडामायसिन. मेट्रोनिडाझोलबरोबर दारू चालत नाही, आणि रुग्ण रक्त पातळ करणारं वॉरफरिन घेत असेल तर त्याचा परिणाम वाढून रक्तस्राव होऊ शकतो. हे दोन्ही विचारल्याशिवाय चिठ्ठी लिहू नका. मेलेल्या हाडात रक्तच जात नाही, त्यामुळे औषधही जात नाही. गोळ्यांनी भोवतालची सूज उतरते, हाड जिवंत होत नाही. महिनोन्महिने अँटिबायोटिकचे कोर्स बदलत राहण्यापेक्षा तोंडाच्या आणि जबड्याच्या शल्यविशारदाकडे पाठवा.

जबडा मोडला, कातडीला छिद्र पडलं, नाक आणि तोंड एक झालं किंवा मेलेलं हाड खालच्या कडेपर्यंत गेलं की तिसरा टप्पा. इथे मेलेला भाग रक्त येणाऱ्या ताज्या हाडापर्यंत काढून वर हिरडी ताणरहित शिवणं हाच उपाय. अलीकडे दुसऱ्या, काही वेळा पहिल्या टप्प्यातही योग्य रुग्णात शस्त्रक्रिया लवकर करण्याकडे कल आहे. पेन्टॉक्सिफायलिन ४०० मिलिग्रॅम दिवसातून दोनदा आणि व्हिटॅमिन ई ही जोडी काही तज्ज्ञ देतात. ती पूरक आहे, शस्त्रक्रियेची जागा घेत नाही.

डेनोसुमॅबबद्दल वेगळं आणि ठासून सांगायला हवं. त्याचा परिणाम सहा महिन्यांत ओसरतो, आणि पुढचा डोस चुकला तर हाडांची झीज उसळी मारते. पाठीचे मणके एकामागून एक दबू शकतात. दात काढायचा म्हणून हे इंजेक्शन परस्पर थांबवू नका. दात काढणं टाळताच येत नसेल तर ते शेवटच्या डोसनंतर साधारण तीन-चार महिन्यांनी करावं, आणि जखम भरायला सहा ते आठ आठवडे मिळाल्यावर पुढचा डोस ठरल्या सुमारास द्यावा. हे गणित हाडांचे डॉक्टर आणि दंतवैद्य यांनी एकमेकांना फोन करून जुळवायचं असतं. रुग्णाच्या हाती चिठ्ठ्या देऊन ते जुळत नाही.

शेक दिलेला जबडा

जबड्याला शेक दिलेला आहे आणि हाड तीन महिन्यांहून अधिक काळ उघडं आहे, तर पहिला प्रश्न ‘कर्करोग परतला का?’ हाच. त्यासाठी ज्या केंद्रात उपचार झाले तिथे परत जा. मुंबईत परळच्या टाटा मेमोरियलमध्ये उपचार झाले असतील तर जुनी फाईल तिथेच आहे. गावात बायोप्सीचा प्रयोग करू नका. कर्करोग नसेल तर उपचाराचा क्रम वरच्यासारखाच: स्वच्छता, संसर्ग आवरणं, सुटलेला तुकडा अलगद काढणं. पेन्टॉक्सिफायलिन आणि व्हिटॅमिन ई यांचा वापर इथे जास्त रुजलेला आहे. प्राणवायूच्या दाबपेटीतले उपचार महाग आहेत आणि त्यांच्या उपयोगाबद्दल एकमत नाही. जबडा मोडला असेल तर तो भाग काढून पायातल्या फिब्युलाचं हाड रक्तवाहिनीसह बसवतात.

शेक सुरू होण्याच्या निदान दोन-तीन आठवडे आधी खराब दात काढून घ्यावेत. नंतर त्या भागातला दात काढावासा वाटला तर आधी तो वाचवायचा विचार करा: रूट कॅनल करून वरचा भाग कापून मूळ तसंच ठेवता येतं.

काळी बुरशी: इथे तास मोजायचे

२०२१ च्या दुसऱ्या कोविड लाटेनंतर महाराष्ट्रात म्युकरमायकोसिसमुळे, म्हणजे काळ्या बुरशीमुळे, शेकडो वरचे जबडे काढावे लागले. लाट ओसरली, पण बेताल साखर आणि स्टेरॉइड यांची जोडी जिथे आहे तिथे हा आजार आहेच. खुणा अशा: टाळूवर काळपट किंवा राखाडी जखम आणि त्यात हाड, एका बाजूचे वरचे दात एकदम हलणं, हिरडीवर पुवाचे अनेक ठिपके, गाल सुन्न, नाकातून काळसर स्राव, डोळ्याभोवती सूज किंवा एकाचे दोन दिसणं.

माउथवॉश देऊन तीन दिवसांनी बोलावू नका. साखर तपासा, नमुना सलाइनमध्ये घ्या आणि त्याच दिवशी मोठ्या रुग्णालयात पाठवा. केओएच तपासणी काही तासांत उत्तर देते: रुंद, पडदे नसलेले, काटकोनात फुटणारे धागे. लायपोसोमल अँफोटेरिसिन-बी सहसा दर किलो वजनाला रोज ५ मिलिग्रॅमपासून देतात, मेंदूपर्यंत गेलं असेल तर त्याहून जास्त. ते ५% डेक्स्ट्रोजमध्येच मिसळायचं, नॉर्मल सलाइनमध्ये नाही. क्रिएटिनिन आणि पोटॅशियम वारंवार पाहायचं. सोबत मेलेलं हाड आणि मांस शस्त्रक्रियेने काढायचं. नुसत्या औषधाने किंवा नुसत्या शस्त्रक्रियेने हे आटोक्यात येत नाही.

घरी काय करू नये

जखमेवर लवंगेचं तेल, तुरटी, चुना, दातदुखीची गोळी चुरून लावू नका. अ‍ॅस्पिरिनची गोळी हिरडीवर धरली की हिरडी पांढरी पडून भाजते आणि हाड आणखी उघडं होतं. तोंड आल्यावर लावायच्या काही मलमांत स्टेरॉइड असतं, संसर्ग किंवा बुरशी असेल तर ते आगीत तेल. हाडाचा तुकडा नखाने, टूथपिकने हलवू नका. कवळी असेल तर दंतवैद्याने घासून देईपर्यंत काढून ठेवा, निदान झोपताना तरी.

मऊ भात, खिचडी, दही, केळं, ताक चालतं. चिवडा, पापड, कडक भाकरी बाजूला ठेवा. पाणी भरपूर. तंबाखू आणि मिशेरी आजपासून बंद.

आधीच टाळायचं असेल तर

हाडांचं इंजेक्शन सुरू करण्याआधी दात दाखवून घ्या. किडलेले, हलणारे दात काढून जखम वरून पूर्ण भरायला दोन-तीन आठवडे द्या, मगच पहिला डोस. औषध चालू असताना सफाई, भरणी, रूट कॅनल बिनधास्त करता येतं. प्रश्न फक्त हाडाला हात लागणाऱ्या कामांचा: दात काढणं, इम्प्लांट, हिरडीची शस्त्रक्रिया. कर्करोगासाठी शिरेतून औषध घेणाऱ्यांनी इम्प्लांट टाळावंच.

पाठवताना फाईलमध्ये काय असावं

मुंबई, नागपूर आणि छत्रपती संभाजीनगरची शासकीय दंत महाविद्यालयं, मुंबईतलं नायर दंत रुग्णालय, गोव्यात बांबोळीचं दंत महाविद्यालय, अशा ठिकाणी जबड्याचे शल्यविशारद एका छताखाली मिळतात. तिथे जाताना चिठ्ठीवर हे लिहून द्या: हाड पहिल्यांदा कोणत्या तारखेला दिसलं, कोणत्या बाजूला, किती मिलिमीटर. हाडांच्या औषधाचं नाव, पहिला आणि शेवटचा डोस कधी. शेक असेल तर साल आणि ग्रे. शेवटचा एचबीए१सी. दिलेली अँटिबायोटिकं आणि किती दिवस. सोबत फोटो, ओपीजीची फिल्म किंवा पेनड्राइव्ह, आणि सुटलेला हाडाचा तुकडा असेल तर बाटलीत, लेबल लावून.